तिचं काम खासगी, तिचं दुःख सार्वजनिक

(नाशिक येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



पत्रिकेवर ‘राजकीय नेत्याच्या पत्नीचं खासगी आयुष्य’ असा विषय वाचून जी मंडळी आज जरा लवकर येऊन पुढच्या खुर्च्यांवर बसली आहेत, त्यांचा थोडा विरस होणार आहे. माझ्याजवळ कुणाचं गुपित नाही. असतं तरी ते माइकवरून सांगितलं नसतं. मला बोलायचं आहे ते वेणूताई चव्हाणांबद्दल, आणि त्यांच्या निमित्तानं अशा घरांतल्या बायकांबद्दल.

वेणूताईच का? आणि नाशिकमध्ये का? १९६२च्या नोव्हेंबरात चीनच्या युद्धात देशाची नाचक्की झाली. कृष्ण मेनन यांना संरक्षण खातं सोडावं लागलं आणि नेहरूंनी महाराष्ट्राच्या मुख्यमंत्र्यांना, यशवंतराव चव्हाणांना, दिल्लीला बोलावून घेतलं. केंद्रात मंत्री झालेल्या माणसाला संसदेत जागा लागते. ती आपण दिली. १९६३ साली यशवंतराव नाशिकमधून लोकसभेवर बिनविरोध निवडून गेले. ओझरचा विमानांचा कारखाना आला तो त्यांच्याच संरक्षणमंत्रिपदाच्या काळात. पुढे १९८९मध्ये त्यांच्या नावाचं मुक्त विद्यापीठ निघालं, तेही गंगापूर धरणाच्या वाटेवर. तेव्हा यशवंतराव आपल्याला पाठ आहेत. रस्त्याला त्यांचं नाव, सभागृहाला त्यांचं नाव. पण वेणूताईंचं माहेर कुठलं, हे इथं किती जणांना सांगता येईल? (मागून कुणीतरी सातारा म्हणालं. जिल्हा बरोबर आहे.) फलटण. फलटणच्या मोऱ्यांची मुलगी.

आता मुद्द्यावर येतो. ‘खासगी आयुष्य’ म्हणजे दार लावून घेतल्यावर आत जे चालतं ते, असं आपण धरून चालतो. माझं म्हणणं असं आहे की या बायकांना लावून घ्यायला दारच मिळालं नाही. आणि आपण मागे राहिलेल्यांनी त्यात आणखी एक उलटापालट केली. त्यांचं काम आपण खासगी ठरवलं आणि त्यांचं दुःख सार्वजनिक केलं. आज बोलायचं ते या उलटापालटीबद्दल.

सुरुवात आपल्याच गावातून करू. सावरकर बंधूंचं नाव निघालं की तिघा भावांबद्दल तासभर बोलणारे नाशिकमध्ये पुष्कळ भेटतात. बाबारावांच्या पत्नी येसूवहिनींबद्दल बोलायचं तर पाच मिनिटांत संपतं. काय होतं त्यांचं खासगी आयुष्य? भगूरच्या घरात प्लेग शिरला, सासरे गेले. पुढे नाशिकचा संसार, तोही अर्धा चळवळीचा. आज कोण जेवायला आहे आणि उद्या कोण लपायला येणार आहे, याचा भरवसा नाही. पोटच्या दोन मुली तान्ह्या असतानाच गेल्या. १९०९ साली बाबारावांवर राजद्रोहाचा खटला चालला, जन्मठेप झाली, मालमत्ता जप्त झाली. जप्ती म्हणजे काय होतं? आपण इतिहासाच्या पुस्तकात ‘मालमत्ता जप्त’ हे दोन शब्द वाचतो आणि पान उलटतो. जप्तीचे शिपाई येतात ते घरातल्या भांड्याकुंड्यांसाठी येतात हो! ज्या बाईनं काल त्या पातेल्यात भात शिजवला, तिच्यासमोर ते पातेलं उचललं जातं. त्याच वर्षाच्या डिसेंबरात विजयानंद थिएटरात कलेक्टर जॅक्सनचा वध झाला. त्यानंतर या गावात सावरकरांच्या सुनेला आसरा देणं म्हणजे पोलिसांना घरी बोलावणं होतं. बाबाराव अंदमानात, पुढे विनायकरावही. १९१९च्या मे महिन्यात कुटुंबातली माणसं अखेर त्या भावांना भेटायला अंदमानात जाऊ शकली, तेव्हा त्यांच्यात येसूवहिनी नव्हत्या. त्याच वर्षी थोडं आधी त्या गेल्या होत्या.

नवऱ्याला सरकारनं काळ्या पाण्यावर धाडलं, ते गॅझेटात आलं. बायकोलाही सरकारनं एक शिक्षा दिली. तिला कलम नव्हतं, मुदत नव्हती, आणि सुटकाही नव्हती. तीसेक वर्षांनी कऱ्हाडात याच प्रकाराचा पुढचा अध्याय झाला.

२ जून १९४२. कऱ्हाडात यशवंतराव आणि वेणूताईंचं लग्न झालं. नवरा मुलगा नुकता वकील झालेला, घरची गरिबी, वडील लहानपणीच प्लेगात गेलेले, आई विठाई देवराष्ट्र्याची. यशवंतरावांनी त्याआधी विसापूरचा तुरुंग पाहिला होता, त्यामुळे फलटणकरांना काहीच कल्पना नव्हती असं नाही. पण तारखा पाहा. जूनमध्ये लग्न, ऑगस्टमध्ये मुंबईचं काँग्रेसचं अधिवेशन. ‘चले जाव’चा ठराव झाला आणि नवरा भूमिगत झाला. त्याला पकडून देणाऱ्याला सरकारनं हजार रुपयांचं बक्षीस लावलं. दोन महिन्यांचा संसार! आणि विशीही न गाठलेली मुलगी सासरी, जिथं अजून कोणत्या डब्यात काय आहे हेही नीट माहीत झालेलं नाही.

मग आली संक्रांत. इथं बसलेल्या भगिनींना सांगायला नको, पण पुरुषमंडळींसाठी सांगतो. लग्नानंतरची पहिली संक्रांत म्हणजे नव्या सुनेचा मान असतो. काळी चंद्रकळा नेसवतात, हलव्याचे दागिने घालतात, पाटावर बसवतात. हलव्याचा हार, बिंदी, बांगड्या, सगळं पांढरंशुभ्र. सुगडाचं वाण असतं, आळीतल्या बायका हळदीकुंकवाला येतात, उखाण्याचा आग्रह होतो. वर्षात एक दिवस असा, की सगळं घर त्या मुलीभोवती फिरतं. १९४३च्या त्या संक्रांतीला वेणूताईंना पोलिसांनी अटक केली. आधी कऱ्हाड, मग इस्लामपूरचा तुरुंग.

गुन्हा कोणता? काही नाही. नवरा सापडत नव्हता. बायकोला आत टाकली की तो आपसूक हजर होईल, हा हिशेब होता. घरातला माणूस ओलीस धरायचा, म्हणजे बाहेरचा शरण येतो. या एका अटकेत नवऱ्याचं राजकारण आणि बायकोची पहिली संक्रांत एकाच कागदावर आली. काही आठवडे त्या आत होत्या. त्याच सुमारास यशवंतरावांचे थोरले बंधू ज्ञानोबा शस्त्रक्रियेनंतर दगावले. नवरा भूमिगत, थोरले दीर गेलेले, आणि तुरुंगातून सुटून आली ती तब्येत पोखरून आलेली. शुद्ध हरपू लागली. माहेरी फलटणला नेलं. तिथंही बरं वाटेना, तेव्हा यशवंतराव लपतछपत फलटणला तिला बघायला गेले. आणि तिथंच पकडले गेले.

मला या प्रसंगात नेहमी एक प्रश्न पडतो. यशवंतरावांच्या चरित्रात हा प्रसंग त्यांच्या अटकेचा म्हणून येतो. वेणूताईंच्या बाजूनं तो काय होता? आजारी बायकोनं नवरा यावा असं म्हणावं की म्हणू नये? तो आला, म्हणून पकडला गेला. तो आला नसता, तर? त्या मुलीला अंथरुणात पडून आपल्या दुखण्याचाही राजकीय हिशेब करावा लागला असेल. दुखणं ही तरी माणसाची खासगी गोष्ट असते ना? तीही राहिली नाही.

आता दुसऱ्या गोष्टीकडे येतो. हे सगळं आपल्याला कळलं कुठून? यशवंतरावांच्या ‘कृष्णाकाठ’मधून. फार चांगलं आत्मचरित्र आहे, आणि आपल्यामुळे घरच्यांवर काय गुदरलं ते त्यांनी त्यात मोकळेपणानं लिहिलं आहे. मराठीतल्या राजकारण्यांमध्ये हे दुर्मीळच. पण ‘कृष्णाकाठ’ १९४६ला संपतं. निवडणूक झाली, पार्लमेंटरी सेक्रेटरी म्हणून बोलावणं आलं, कृष्णाकाठ सोडून नायक मुंबईला निघाला, पुस्तक संपलं. मुंबईच्या काळाचा दुसरा आणि दिल्लीच्या काळाचा तिसरा असे दोन खंड त्यांच्या मनात होते. ते झाले नाहीत. ‘कृष्णाकाठ’ १९८४ साली बाहेर आलं आणि त्याच वर्षी २५ नोव्हेंबरला यशवंतराव गेले.

म्हणजे काय झालं, लक्षात येतंय का? वेणूताई १ जून १९८३ला गेल्या. दुसऱ्या दिवशी लग्नाला ४१ वर्षं पुरी होत होती. त्या ४१ वर्षांपैकी आत्मचरित्रात आली ती पहिली चार. उरलेली ३७, म्हणजे मुंबईचं मंत्रिपद, द्वैभाषिकाचं मुख्यमंत्रिपद, प्रतापगडचा मोर्चा, संयुक्त महाराष्ट्र, संरक्षण, गृह, अर्थ, परराष्ट्र, विरोधी पक्षनेतेपद, उपपंतप्रधानपद, हे सगळं त्या घरात उठत-बसत होतं. आणि त्या घरातली बाई काय पाहत होती, हे सांगणारे खंडच लिहिले गेले नाहीत.

परदेशातून यशवंतरावांनी वेणूताईंना पत्रं लिहिली, ती ‘विदेश दर्शन’ या नावानं पुस्तकरूपानं आली आहेत. जरूर वाचा. परराष्ट्रमंत्री दिवसभराच्या वाटाघाटी आटोपून रात्री हॉटेलच्या खोलीत बायकोला मराठीत पत्र लिहायला बसतो, ही गोष्टच मला मोठी वाटते. कुणाला भेटलो, काय पाहिलं, काय वाटलं, ते घरी कळवायचं. ज्या माणसाच्या तोंडून दिल्लीत अनावश्यक शब्द बाहेर पडत नसे, अशी ज्याची ख्याती, तो इथं मोकळा होतो. पण तो पत्रव्यवहार नाही. ती पत्रं आहेत, एका बाजूची. तिचं उत्तर त्या पुस्तकात नाही. टेलिफोनवर बोलणाऱ्या माणसाशेजारी बसल्यावर जसं ऐकू येतं, तशा वेणूताई आपल्याला ऐकू येतात. पलीकडे कुणीतरी आहे, समंजस आहे, तिला ही सगळी माणसं आणि प्रश्न ठाऊक आहेत. कारण समोरच्याला कळत नसेल तर माणूस इतकं तपशीलवार लिहीत नाही. एवढा अंदाज मी करतो. त्याच्या पुढे जात नाही.

आता कामाकडे वळू. आपल्याकडे पुढाऱ्याच्या बायकोचा सत्कार असला की वक्ते काय म्हणतात? ‘वहिनींनी घर सांभाळलं म्हणून साहेब समाज सांभाळू शकले.’ टाळ्या. शाल, श्रीफळ. मी हे वाक्य इतक्यांदा ऐकलं आहे की आता ते सुरू झालं की मी शालीचा रंग बघतो. अहो, घर सांभाळलं म्हणजे नक्की काय केलं, ते सांगा ना!

नाशिक जिल्ह्यातलं कुठलंही पुढाऱ्याचं घर घ्या. निफाडचं घ्या, दिंडोरीचं घ्या, पक्ष कोणताही घ्या. सकाळी सातला ओट्यावर माणसं. कुणाची बदली, कुणाचा सातबारा, कुणाच्या पोराचा दाखला. साहेब अंघोळीत. तोवर चहा कुणी दिला, कोण कशासाठी आलंय हे कुणी काढून घेतलं, रडणाऱ्या म्हातारीला आत नेऊन पाणी कुणी दिलं? स्वयंपाकघरात कॅलेंडरला दोऱ्यानं पेन बांधलेलं असतं. तारखांच्या चौकोनात बारीक अक्षरात लिहिलेलं: अमक्यांचं लग्न, तमक्यांचा साखरपुडा, रामकुंडावर अमक्यांच्या वडिलांचा दहावा. साहेब लग्नाला अक्षता टाकून निघतात. दहाव्यानंतर त्या घरच्या सुनेजवळ जाऊन बसते ती ही बाई. कोणत्या घरात भाऊबंदकी आहे, कुणाला आधी नमस्कार करायचा, कुणाचा आहेर परत करायचा राहिला, कोणता कार्यकर्ता चार दिवस फिरकला नाही म्हणजे रुसला आहे, हे तिच्या डोक्यात असतं. तुमच्या पक्षाच्या कार्यालयात ते कुणाच्याही रजिस्टरमध्ये नसतं. रात्री अकराला जीप थांबते आणि बाहेरून आवाज येतो, ‘वहिनी, पाच-सहा पानं आहेत.’ पिठलं टाकायचं, भाकऱ्या थापायच्या. आणि किराणा? तो वाण्याकडून उधारीवर येतो. उधारी तटली की वाणी साहेबांना विचारत नाही, हिला विचारतो. निवडणुकीत गहाण पडलेल्या पाटल्या-बांगड्यांचा हिशेब तर कोणत्याच निवडणूक आयोगाकडे गेलेला नाही.

या कामाला आपण काय म्हणतो? घरकाम. कारखान्यात, कार्यालयात हेच काम पगारी माणूस करतो तेव्हा त्याला स्वीय सहायक म्हणतात, जनसंपर्क अधिकारी म्हणतात, खजिनदार म्हणतात. हे तिचं खासगी आयुष्य नव्हे, ते राजकीय काम आहे. ते घराच्या आत होतं म्हणून आपण त्याला खासगीत ढकललं, एवढंच.

आणि निर्णय? १९६२च्या त्या नोव्हेंबरात नेहरूंचा मुंबईला फोन आला. संरक्षण खातं घ्याल का, लगेच सांगा, आणि कुणाशी बोलू नका, असा तो मामला. यशवंतराव म्हणाले, एका व्यक्तीला तरी विचारावं लागेल, बायकोला. ही हकीकत सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे आणि ती आपण गोड प्रसंग म्हणून सांगतो. मला ती गोड वाटत नाही, फार व्यवहारी वाटते. ज्या बाईनं एकदा नवऱ्याच्या निर्णयाची किंमत तुरुंगात जाऊन मोजली, तिला विचारल्यावाचून दुसरा मोठा निर्णय घ्यायचा नाही, हे त्या माणसाला कळलं होतं. पंतप्रधानांनी सांगितलेली गुप्तता एका माणसासाठी मोडायची, तर तो माणूस ती. राज्याच्या मंत्रिमंडळातलं दुसरं कुणी नव्हे. ‘सह्याद्री हिमालयाच्या मदतीला धावला’ हे वाक्य आपण साठ वर्षं म्हणतोय. त्या धावण्याला घरातून होकार मिळाला होता, हे त्यात येत नाही.

बाबासाहेब आणि रमाईंबद्दल वेगळं व्याख्यान हवं. इथं तारखांपुरतं बोलतो, कारण त्या आपल्या जिल्ह्याशी जोडलेल्या आहेत. काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३०ला सुरू झाला. येवल्याची धर्मांतराची घोषणा १३ ऑक्टोबर १९३५ची. येवल्याची सभा आपण दरवर्षी आठवतो. तिच्या साडेचार महिने आधी, २७ मेला, रमाई गेल्या होत्या. पाच लेकरांपैकी चार डोळ्यांदेखत गेलेली ती आई. येवल्याच्या व्यासपीठावर उभा राहिलेला माणूस घरी काय मागे ठेवून आला होता, याचा विचार त्या सभेच्या किती भाषणांत येतो? बाबासाहेबांनी मात्र आपला पाकिस्तानवरचा ग्रंथ रामूला अर्पण केला. जाहीरपणे, पहिल्या पानावर.

आता ज्या गोष्टीची काही जण वाट पाहत असतील तिथं येतो. यशवंतराव आणि वेणूताईंना मूल नव्हतं. या एका वाक्यावर महाराष्ट्रात अख्खी भाषणं होतात. का नव्हतं, तुरुंगात काय झालं, कोण काय बोललं, मग कुणी कुणाची माफी मागितली, संवादांसकट. वक्ता आवाज खाली आणतो, सभागृहात रुमाल निघतात. ती गोष्ट मी सांगणार नाही. आता म्हणाल, मग विषय कशाला घेतला? याचसाठी घेतला. त्या बाईनं हयातभर ज्या गोष्टीवर चारचौघांत बोलायचं टाळलं, ती आपण तिच्यामागे टाळ्यांसाठी वापरतो. पोलीस तिच्या संक्रांतीत शिरले, कार्यकर्ते तिच्या स्वयंपाकघरात शिरले, विरोधक तिच्या कुशीपर्यंत गेले, आणि आता स्मृतिव्याख्यानवाले! तिथं थांबायला आपल्याला काय हरकत आहे? तिच्या कामावर बोला की. त्यावर कुणी तासभर बोललेलं मी ऐकलेलं नाही.

जाता जाता आजची गंमत. इतका वेळ आपण नेत्याची बायको म्हणजेच नेत्याचा जोडीदार असं धरून बोललो. पण ७३व्या घटनादुरुस्तीनंतर गावोगाव बाया निवडून आल्या, आणि २०११पासून तर महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांतल्या निम्म्या जागा त्यांच्या आहेत. म्हणजे आता नेत्रीचा नवरा हीसुद्धा एक जमात तयार झाली. त्याचं खासगी आयुष्य कसं असतं? तो उधारीवर किराणा आणून रात्री अकराला पाच-सहा पानं वाढतो का? वाढत असेल तर मला त्याचा पत्ता द्या, मी जाऊन सत्कार करीन. आमच्या पाहण्यातला सरपंचपती ग्रामपंचायतीत खुर्ची टाकून बसतो. ग्रामसेवक त्याच्याशीच बोलतो. ठरावावर सही तेवढी घरून आणतात. चौकातल्या फ्लेक्सवर निवडून आलेल्या बाईंच्या फोटोपेक्षा यांचा फोटो मोठा, हात जोडलेला, आणि खाली कार्यकर्त्यांची रांग. बायको नेत्याची असली की तिचं राजकीय काम घरकाम ठरतं, आणि नवरा नेत्रीचा असला की त्याची लुडबुड राजकीय काम ठरते. दोन्हीकडे आत कोण राहिलं? तीच. एकदा बायको म्हणून राहिली, एकदा सरपंच असून राहिली.

तेव्हा या गावाला माझी एक सूचना आहे. १९६३च्या त्या बिनविरोध निवडणुकीत धावपळ केलेली घरं अजून नाशिक जिल्ह्यात आहेत. पुढे कुणी आमदार झालं, कुणी झेडपीत गेलं, कुणी बाजार समितीवर. त्या घरांतल्या ज्या आजी आज ऐंशी-नव्वदीत आहेत, त्यांच्याकडे कुणी वही-पेन घेऊन गेलेलं नाही. यशवंतरावांच्या नावाचं विद्यापीठ आपल्या दाराशी आहे. तिथल्या एखाद्या विद्यार्थिनीनं हे काम हाती घ्यावं. मोबाइलवर ध्वनिमुद्रण करावं, कॅलेंडरं आणि उधारीच्या वह्या मिळाल्या तर त्यांचे फोटो घ्यावेत. आणि जाताना एक पथ्य पाळावं. ‘साहेब कसे होते’ हा प्रश्न विचारू नये, त्याची उत्तरं सगळ्यांना पाठ आहेत. मुलंबाळं, आजारपणं, भांडणं हेही आजींनी आपणहून काढलं तरच ऐकावं. सुरुवात इथून करावी: आजी, निवडणुकीच्या दिवसांत रोज किती पानं उठायची, आणि पीठ-मिठाचे पैसे कोण द्यायचं?